आफुआ काय नेसली होती

परवा नात आली ती गळ्यात नवा रुमाल गुंडाळून. पिवळ्या कापडावर काळी नेच्याची पानं, एकाखाली एक, ठसे मारल्यासारखी. मी रुमालाचं टोक हातात धरलं आणि विचारलं, "काय गं, कुणाला सांगते आहेस, मी अजून टिकून आहे म्हणून?"

पोरगी जर्मनीत जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमधून. "आजी, दास इस्ट डोख नुर आइन मुस्टर." म्हणजे, अगं, नुसतं डिझाइन आहे ते.

नुसतं डिझाइन! मीही अगदी हेच म्हटलं होतं, एर्लांगेनच्या एका जिन्यात, साठ सालानंतरच्या कुठल्याशा थंडीत. तेव्हा समोरच्या बाईनं माझ्याकडे असं पाहिलं होतं, जसं काही मी वर्तमानपत्र उलटं धरून वाचते आहे.

ती आफुआ.

'हे' तेव्हा तिथल्या विद्यापीठात पदार्थविज्ञानात डॉक्टरेट करत होते आणि मी ह्यांच्या मागोमाग गेलेली. काय माझा थाट! अंगावर पाचवारी, तिच्यावर ह्यांचा जुना ओव्हरकोट, पायात लोकरीचे मोजे आणि त्यावर चपला, डोक्याला माकडटोपी. बाजारात लोक वळून वळून बघायचे. मला वाटायचं, साडीचं कौतुक चाललंय.

घर फ्राउ ह्युब्नरबाईंचं. तळमजल्यावर त्या, मधे आम्ही, आणि माळ्यावरच्या उतरत्या छपराच्या दोन खोल्यांत आफुआ आणि तिचा नवरा क्वाबेना. दोघंही घानाचे, तिथल्या आकान लोकांपैकी. तो डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला, बडबड्या, हसरा. ती उंच, सावकाश. जिना उतरताना कठड्याला कधी हात लावायची नाही. घरात कमरेला एक कापड, खांद्यावर दुसरं. बाहेर जाताना वर जर्मन कोट, पण त्याची बटणं उघडी. हाडं गोठायची वेळ आली तरी उघडीच. मी एकदा न राहवून विचारलं, "अगं, थंडी वाजत नाही का?"

म्हणाली, "बटणं लावली तर मी काय बोलते आहे ते लोकांना दिसणार कसं?"

मला वाटलं, इंग्रजी माझं कच्चं आहे, काहीतरी निसटलं असणार. माझं इंग्रजी मॅट्रिकचं, तिचं मिशनच्या शाळेतलं, आणि दोघींचं जर्मन भाजीबाजारातलं. ह्या तिन्हींची मिसळ करून आम्ही बोलत असू.

ओळख झाली ती दिवाळीत. लक्ष्मीपूजनाला मी तांदळाच्या पिठानं जिन्याच्या तोंडापासून आमच्या दारापर्यंत लक्ष्मीची पावलं काढली. आपण काढतो तशीच, मुठीची कड पिठात बुडवून टेकवायची आणि वर बोटांच्या टोकांनी पाच टिंबं. तासाभरात फ्राउ ह्युब्नर बादली आणि फडकं घेऊन हजर. "कोण लहान मूल अनवाणी फिरतंय इथे? ह्या थंडीत? बेशिस्त!" मी समजावतेय, देवी आहे, देवी आत आली आहे. त्या म्हणतायत, आली तर आली, पाय पुसून यायला काय झालं?

माळ्यावरून आफुआ उतरली. फडकं मधल्या पायरीपर्यंत पोचलं होतं. उरलेल्या पावलांकडे तिनं वाकून पाहिलं, त्यांच्या शेजारून हळूहळू चालत माझ्या दारापर्यंत आली आणि म्हणाली, "कुणीतरी लहान, महत्त्वाचं, तुझ्या घरात गेलंय. आणि बाहेर आलेलं नाही."

एक अक्षर न सांगता तिला कळलं होतं. मी खुशीत येऊन परतफेड म्हणून तिच्या कापडाची स्तुती केली. "फार छान डिझाइन आहे हं." तेव्हा ती वर सांगितलेली नजर मिळाली. मग म्हणाली, "अकुआ, तुझ्या डोळ्यांना कान नाहीत."

अकुआ म्हणजे मी. त्यांच्यात माणसाला जन्मवाराचं नाव असतं. बाजाराच्या दिवशी माझा जन्म, आणि आमच्या गावचा बाजार बुधवारचा, म्हणून अकुआ. ती शुक्रवारची, म्हणून आफुआ. क्वाबेना मंगळवारचा. ह्यांना मात्र ती 'हेर अहो', म्हणजे श्रीयुत अहो, म्हणायची, कारण मी दिवसभर तीच हाक मारत असे. ह्यांनी कधी दुरुस्ती केली नाही. त्यांना ते आवडलं असावं.

हळूहळू मला समजलं की त्या बाईची कापडं म्हणजे तिचं अर्धं तोंड आहे. ठशाठशाला अर्थ. नेच्याचं पान म्हणजे मी टिकून आहे, मला तुझी भीती नाही. हृदयाचा आकार म्हणजे धीर धर. ठसे भोपळ्याच्या कवटीचे कोरतात, रंग झाडाच्या सालीचा काढतात, असं ती सांगायची. क्वाबेना संध्याकाळी आला की जिन्यातूनच वर बघायचा. ती दारात काय नेसून उभी आहे ते बघून कधी शीळ घालत वर चढायचा, तर कधी तिथल्या तिथे मागे फिरून बेकरीत जायचा आणि काहीतरी गोड घेऊन परतायचा. फ्राउ ह्युब्नर किल्लीच्या भोकातून बघतात असा संशय आला, तेव्हा आफुआ सबंध आठवडा डोळेच डोळे असलेलं कापड नेसून फिरली. बाई रोज म्हणायच्या, "शोन, फ्राउ आफुआ, वुंडरशोन!" काय सुंदर, काय सुंदर. आणि आफुआ मान झुकवून आभार मानायची. मी आमच्या खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून हसायची. केवढं शहाणपण आलं होतं मला!

मग पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी क्वाबेनाला खोकला लागला.

डॉक्टर होऊ घातलेला माणूस. आपल्या छातीचा फोटो उजेडाला धरून त्यानं स्वतःच आधी वाचला. क्षय. त्या काळात औषधं होती, पुष्कळजण बरे होत होते, पण त्याला ती लागू पडेनात. गावाबाहेर टेकडीवरच्या जंगलात एक सॅनेटोरियम होतं, तिथे त्याला नेलं. काही आठवड्यांत घशालाही लागण झाली, तेव्हा डॉक्टरांनी बोलायला साफ बंदी केली, कुजबुजायचंसुद्धा नाही. आणि आफुआला चौथा महिना. गरोदर बाईला आत सोडायचं नाही हा नियम. तिनं दारात उभं राहून विनवण्या केल्या. तिथली सिस्टर चांगली होती, तिचेही डोळे भरले, पण दार उघडलं नाही.

आफुआ घरी आली, ट्रंक उघडली आणि सगळी कापडं पलंगावर मांडून बसली. तेवढंच बोलणं तिच्याकडे उरलं होतं.

रविवारी आम्ही दोघी बसनं टेकडीवर जायचो. सॅनेटोरियमच्या पुढे मोठं गवताळ अंगण होतं. क्वाबेनाची खिडकी पहिल्या मजल्यावर. आफुआ मधोमध जाऊन कोट काढायची आणि माझ्या हातात द्यायची. कापडाचं टोक दोन्ही हातांनी पसरून उभी राहायची, बर्फ पडत असलं तरी. तो काचेला टेकून वाचायचा. मग साबणाच्या वडीनं काचेवर उत्तर काढायचा. पहिल्या रविवारी त्यानं कंगवा काढला. आफुआ खळखळून हसली आणि तिचा हात केसांकडे गेला.

"काय म्हणतो? केस विंचर?"

"म्हणतो, सुंदर दिसतेस."

कंगवा काढून! घरी येऊन मी ह्यांना मुद्दाम ही गोष्ट सांगितली. हे म्हणाले, "साबण कुठला होता? काचेवर चांगला उमटतो का?" असो.

थंडी वाढत गेली तशी उत्तरं बारीक होत गेली. आधी अख्खी काच भरायची, मग अर्धी, मग एक कोपरा. आफुआ परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसायची. एकदाच म्हणाली, "अकुआ, माझी कापडं संपत आली. तीच तीच वाक्यं किती वेळा बोलू?"

तिच्यासाठी काहीतरी करावं म्हणून मी डोहाळजेवणाचा घाट घातला. सातवा महिना होता. मेतकूट-भात केला, बटाट्याचे वडे केले, केसांत माळायला फुलं नव्हती तर कागदाची केली. नारळ एर्लांगेनमध्ये कुठून आणणार? त्याच्या जागी कोबीचा गड्डा घेतला. आणि आईनं सोबत दिलेला, जपून ठेवलेला लालभडक खण काढला, जरीच्या काठाचा. कुंकू लावून म्हटलं, "पदर पुढे कर, ओटी भरते." तिनं कोबी हसत घेतला. खण दिसला मात्र, तिनं दोन्ही हात मागे घेतले. चेहरा राखेसारखा झाला.

"अकुआ, कुणी सांगितलं तुला? तिथून निरोप आला का?"

मी घाबरले. कसला निरोप? मग कळलं. अगदी जवळचं माणूस गेलं की त्यांच्यात लाल नेसतात, लाल बांधतात. मी नवरा खाटेवर असलेल्या बाईच्या ओटीत सुतक घालत होते, आणि तेही कौतुकानं, वर तोंडानं सौभाग्यवती भव म्हणत.

तिनंच मला सावरलं. खण वर्तमानपत्रात गुंडाळला आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवला. म्हणाली, "तू प्रेमानं दिलंस, परत नाही देणार. पण हा रंग घरात नको. अजून नको." ट्रंक बंद करताना मला आत एक कोरं पांढरंशुभ्र कापड दिसलं. हे कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "बाळ सुखरूप झालं की मी हे नेसणार. बाई लढाई जिंकून आली की पांढरं नेसते." आता चेहरा पडायची पाळी माझी. नवरा जिवंत असताना पांढरं! मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हात जोडले. दोघी एकमेकींकडे बघत बसलो. मधे कोबी.

पुढच्या रविवारी त्यानं शिडी काढली.

बऱ्याच दिवसांनी काच भरून. दोन उभ्या रेघा आणि मधे पायऱ्या. पायऱ्या वाकड्या होत्या, पण शिडीच. आणि मी, सापशिडी खेळत वाढलेली मी, कोट बगलेत धरून टाळ्या वाजवल्या! "शिडी! आफुआ, शिडी लागली! वर चढला, आता बरा होणार!"

अंगणात दुसरं कुणी नव्हतं. माझ्या टाळ्या जंगलातून परत ऐकू आल्या. आफुआ हलली नाही. तिनं कापडाचं टोक धरून ठेवलं होतं, ते तसंच. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती मरणाची शिडी आहे. सगळे जिच्यावरून जातात ती. तो सांगतोय, मी पाय ठेवला."

ह्या गोष्टीला साठ वर्षं होत आली. अजून नातवंडं सापशिडीचा पट मांडतात तेव्हा मी चहा करायला उठते.

त्या आठवड्यात ती जेवली नाही. कापडं काढायची, बघायची, घडी घालायची. "ह्याला उत्तर देईल असं एकही नाही," म्हणाली. "आमच्यात ह्याला उत्तरच नाही केलेलं कुणी." मी जवळ बसून राहायची.

एके सकाळी ती आमच्या दारात आली. "अकुआ, तुझे ते पिठाचे पाय. मला शिकव."

"कशाला?"

"तो वर चाललाय. मग कुणीतरी खाली यायला हवं."

पांढरं कापड हवं होतं. ट्रंकेतल्या पांढऱ्याला ती हात लावेना, ते बाळंतपणानंतरचं. आमचं बोलणं जिन्यात चाललेलं. फ्राउ ह्युब्नर खाली ऐकत होत्याच. त्या आत गेल्या आणि एक चादर घेऊन आल्या. जाड, पांढरी, कोपऱ्यात दोन अक्षरं भरलेली, लग्नातली. त्यांचा नवरा युद्धात रशियाकडे गेला तो परत आलाच नाही. कैदी सुटून येत होते त्या दिवसांत त्या स्टेशनावर त्याचा फोटो छातीशी धरून उभ्या राहायच्या, हा माणूस कुणी पाहिला का म्हणून. हे आम्हाला त्या दिवशी कळलं. "घ्या," म्हणाल्या, "माझं उभं राहणं काही कामी आलं नाही. आल्झो, तर मग तुमचं येऊ दे."

ह्यांच्या ड्रॉइंगची काळी शाई ताटलीत ओतली. आफुआनं मूठ बुडवली, कड टेकवली, पाच टिंबं दिली. पण ती पावलं तिनं, चादर नेसल्यावर पोटावर येईल तिथून सुरू केली आणि खाली काठाकडे नेऊ लागली.

मी तिचा हात धरला. "अगं, उलटं! बाहेर जाणारी पावलं नाही काढत आम्ही. अशुभ असतं. पावलं नेहमी आत यायला हवीत."

तिनं शाईची मूठ तशीच अधांतरी धरली. "माझ्यातून बाहेर, त्याच्यात आत. तू कुठल्या बाजूनं बघतेस, अकुआ?"

रविवारी खिडकी रिकामी. पडदे काढलेले, काच स्वच्छ पुसलेली. मला वाटलं, संपलं. सिस्टर धावत बाहेर आली. "नाही, नाही, आहे अजून. मागच्या बाजूला हलवलंय, तळमजल्यावर." तळमजल्यावर कशाला हलवतात, ते तिनं सांगितलं नाही. खाट बाहेर काढायला सोपी पडते.

मागच्या बाजूला वाट नव्हती. गुडघाभर बर्फ. आठव्या महिन्याची आफुआ भिंतीला धरून पुढे आणि मी तिचा कोट घेऊन मागे. खिडकी गाठली तर आत खाटेवर तो उताणा, छताकडे बघत. हाका मारायला बंदी नव्हती, पण आफुआ हाक मारेना. कापड पसरून उभी राहिली, ओठ निळे पडले तरी. "आफुआ, काचेवर वाजवू का?" मी विचारलं. तिनं नको म्हणून मान हलवली. शेवटी सिस्टर आत गेली, खाट वळवून काचेला भिडवली, पाठीशी उशा लावल्या.

त्यानं पाहिलं. पोटापासून पाहत पाहत काठापर्यंत आला. पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. ही खूण त्याच्या लोकांतली नव्हती, ती वाचायला त्याला वेळ लागला. मग त्याचा चेहरा हलला. हसला म्हणवत नाही, ती ताकद नव्हती. पुढे वाकून त्यानं काचेवर श्वास सोडला, जेमतेम वाटीएवढी जागा धुरकटली. तिच्यात त्यानं मूठ टेकवली, बोटं उमटवायला हात वर नेला, आणि एकच बोट टेकलं. हात खाली पडला.

टाच आणि अंगठा. तेवढंच पाऊल. बघता बघता तेही विरलं. आफुआ त्या कोऱ्या काचेकडे बघत उभी राहिली, सिस्टरनं खूण करेपर्यंत.

तो त्याच आठवड्यात गेला. बाळ त्यानंतर झालं. शनिवारी झालेली मुलगी, म्हणून आमा. थांबला नाही तो. मी कितीतरी दिवस घोकत होते की त्यानं पाहिलं, निदान पाहिलं, पण आफुआपाशी हे एकदा बोलून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मी त्याला थांब म्हटलं होतं, अकुआ. बघ म्हटलं नव्हतं."

फ्राउ ह्युब्नरनी चादरीचे कात्रीनं दोन भाग केले. अक्षरं भरलेला कोपरा त्याच्याबरोबर मातीत गेला. दुसऱ्या भागात आमाला गुंडाळलं.

आफुआ मुलीला घेऊन मायदेशी निघाली. तिथून रेल्वेनं बंदराला, पुढे बोट. आम्ही तिघं स्टेशनावर गेलो. मी रात्रभर एकच विचार करत होते, ही आज काय नेसेल? बाळंतीण म्हणून पांढरं, की विधवा म्हणून लाल-काळं? त्या बाईला आता तोंड एक आणि बोलायच्या गोष्टी दोन.

ती डब्याच्या दारात उभी राहिली. कोटाची बटणं उघडी. आत ट्रंकेतलं ते कोरं पांढरं कापड, आणि कपाळावरून डोक्याला घट्ट बांधलेला माझा लाल खण. जरीचा काठ बरोबर कपाळावर आला होता.

फ्राउ ह्युब्नरनी माझा दंड धरला. "पांढरं कशाला नेसली ती? आणि हे लाल?"

माझ्या आईनं तिला पाहिलं असतं तर पांढऱ्याकडे बघून डोळे पुसले असते आणि लालकडे बघून म्हटलं असतं, सौभाग्य राहू दे. तिच्या आईनं पाहिलं तर पांढऱ्याकडे बघून हसेल आणि लाल दिसताच जमिनीवर बसेल. हे माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"येते, अकुआ. येते, हेर अहो."

गाडी सुटली. तिनं हात हलवला नाही, दोन्ही हातांत मूल होतं. इंजिनाची वाफ मागे आली, तिच्यात आधी पांढरं मिसळून गेलं. लाल बराच वेळ दिसत होतं.